बाळंतपणाला माहेरी गेले, पाच वर्षं मोडली का?

युरोपीय जोडीदार, भारतीय पासपोर्ट आणि कायमचा निवास: वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकची, नवरा इटलीचा. लग्नानंतर मार्च 2021 मध्ये म्युनिकला आले. नवऱ्याची नोकरी इथेच. माझं पाच वर्षांचं निवासाचं कार्ड हातात पडलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्यामुळे ते येत्या सप्टेंबरात संपतंय. मधे दोन गोष्टी झाल्या. 2023 मध्ये सातवा लागल्यावर मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि लेक सहा महिन्यांची झाल्यावरच परतले. म्हणजे सलग आठ महिने बाहेर. 2024 मध्ये नवऱ्याची कंपनी बंद पडली, चार महिने तो घरी होता. आता शेजारची मैत्रीण म्हणते, आठ महिने बाहेर राहिलीस, आता पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजणार. शिवाय बी-1 ची जर्मन परीक्षा लागेल, तिला लागली होती. माझं जर्मन बेकरीत पाव मागण्यापुरतं. रात्र-रात्र झोप लागत नाही. मी तुमच्या भाचीच्या वयाची आहे, 'अगं' म्हटलंत तरी चालेल.
— अ. क., म्युनिक

उत्तर

अगं, आधी झोप काढ. पाच वर्षं मोडलेली नाहीत.

मैत्रीण खोटं बोलत नाहीये. तिला जे लागलं ते ती सांगतेय. पण तिचा नवरा जर्मन असणार, पैज लावते. जर्मन माणसाच्या बायकोला जर्मनीचा परदेशी नागरिकांचा कायदा लागतो: तीन वर्षं, बी-1 ची भाषा, घरखर्चाची सोय. तुझा नवरा इटालियन असून जर्मनीत राहतो, म्हणजे स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहणारा युरोपीय नागरिक. त्याच्या बायकोला 2004 चा 38 क्रमांकाचा युरोपीय निर्देश लागू होतो. जर्मनीने तो आपल्या मुक्त संचाराच्या कायद्यात उतरवून घेतलाय. त्यात भाषेची अट नाही. बेकरीपुरतं जर्मन असलं तरी तुझं कार्ड अडत नाही. (शिक मात्र. लेक बालवाडीत जाईल तेव्हा बाईंशी बोलायला नवऱ्याला बोलावत बसशील का?)

आता आठ महिने. निर्देशाचं कलम 16 म्हणतं, वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर सलग निवास तुटत नाही. त्याहून लांब राहायचं तर महत्त्वाचं कारण हवं, आणि अशी सलग बारा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी एकदा चालते. कारणं कोणती? गरोदरपण आणि बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण किंवा प्रशिक्षण, कामासाठी दुसऱ्या देशात पाठवणी. यादीत पहिलंच बाळंतपण! लिहिणाऱ्यांना आपल्याकडची माहेरची रीत ठाऊक नसेल, पण नेमकी तिच्यासाठीच जागा करून ठेवलीय. ही सूट एकदाच मिळते, हे ध्यानात ठेव. दुसऱ्या बाळंतपणाचं मनात असेल तर त्याचं पुढे सांगते.

सूट आहे म्हणजे ती कागदावर दाखवावी लागते. प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड, लेकीचा महापालिकेचा जन्मदाखला आणि पासपोर्टची पानं. शेंगेनचे शिक्के शोधत बसू नकोस. तुझ्यासारख्या कार्डधारकांच्या पासपोर्टवर ते मारत नाहीत. मुंबई विमानतळाचे येण्या-जाण्याचे शिक्के मात्र असतील, तीच पानं झेरॉक्स कर. आणि एक नाजूक प्रश्न विचारते: जाताना कुणाच्या तरी सांगण्यावरून आबमेल्डुंग तर केली नव्हतीस ना? म्हणजे पालिकेत जाऊन पत्ता काढून टाकला नव्हतास ना? काही बायका आरोग्यविम्याचा हप्ता वाचवायला तसं करतात. मग कागदावर दिसतं की बाई देश सोडून गेली, आणि ती फक्त बाळंतपणाला गेली होती हे पटवत बसावं लागतं. केलं नसशील तर हा विषय इथेच संपला.

नवऱ्याच्या चार महिन्यांकडे येऊ. तुझा हक्क त्याच्या हक्कावर उभा आहे, म्हणून ही पाच वर्षं तोही नियमात बसलेला हवा: नोकरी, स्वतःचा व्यवसाय, किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा. नोकरी गेली की माणूस लगेच नियमाबाहेर पडतो असं नाही. वर्षाहून जास्त काम केलेलं असेल, नोकरी त्याने आपणहून सोडलेली नसेल आणि त्याने कामगार कचेरीत, म्हणजे आर्बाइट्सआगेंटूरमध्ये नाव नोंदवलं असेल, तर कायद्याच्या लेखी तो कामगारच राहतो. कंपनी बंद पडणं हे आपणहून सोडणं नव्हे. तेव्हाचं नोंदणीचं पत्र शोध. अशी पत्रं बहुधा कपाटातल्या त्या एका पिशवीत असतात, ज्यात वॉशिंग मशीनची वॉरंटीही असते.

पत्र नाहीच सापडलं तरी एक कागद आहे, जो मी येईल त्याला मागवायला लावते. मी वकील नाही. कचेऱ्यांत आणि कोर्टात दुभाषीचं काम करते. टेबलाच्या त्या बाजूला बसलेली व्यक्ती कुठला कागद पाहून सैल होते, हे बघण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. तो कागद म्हणजे पेन्शन विम्याचा फरझिशरुंग्सफरलाउफ. डॉइचे रेंटनफरझिशरुंग या पेन्शन संस्थेकडे ऑनलाइन मागितला की घरी टपालाने येतो, पैसे पडत नाहीत. ओळीमागून ओळी असतात: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, त्या काळातली कमाई युरोत, किती महिने, आणि तो काळ कसला होता. बेकारभत्ता घेतला असेल तर ते महिनेही तिथे बेकारी म्हणून स्वच्छ छापलेले असतात. पगाराच्या साठ चिठ्ठ्यांचा गठ्ठा नेलास की समोरचा माणूस सुस्कारा टाकतो. ही दोन-तीन पानं नेलीस की तो बोट फिरवत खाली येतो आणि म्हणतो, ठीक आहे. नवऱ्याच्या नावाचा कागद आहे, तेव्हा मागणी त्यालाच करायला सांग. त्यासोबत पालिकेचा सगळ्या पत्त्यांसकट विस्तारित निवासदाखला, लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट. आरोग्यविम्याचं पत्रही जवळ असू दे.

आता मुद्द्याचं बोलते, कारण तुझं सगळं पत्र सप्टेंबरभोवती फिरतंय. पाच वर्षं कार्डाच्या तारखेपासून मोजत नाहीत. युरोपीय नवऱ्याची बायको म्हणून तू इथे राहायला लागलीस त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तुझी पाच वर्षं मार्च 2026 मध्येच भरली, आणि कायमच्या निवासाचा हक्क त्याच दिवशी तुझा झाला. तो कुठल्या साहेबाने द्यायचा नाही. कचेरी फक्त लिहून देते की हो, या बाईंचा हक्क झालाय. म्हणून 'मिळेल का' हा सूर पत्रातून काढून टाक. अर्ज करायला जाशील तेव्हा हात जोडून उभी राहू नकोस, कागद पुढे सरकव.

अर्ज सप्टेंबरच्या आत, जुनं कार्ड चालू असतानाच कर. कचेरीला कार्ड द्यायला कायद्याने जास्तीत जास्त सहा महिने आहेत, आणि म्युनिकसारख्या शहरात नुसता टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा आजच मागून ठेव. अर्ज केल्याची पोच घे. फी जर्मन नागरिकाच्या ओळखपत्राइतकीच घेता येते. त्याहून मोठा आकडा सांगितला तर समज, गल्ली चुकली.

गल्ली चुकते कशी तेही सांगते. तुला हवं ते डाउअरआउफएंटहाल्ट्सकार्टे, म्हणजे युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं कायमच्या निवासाचं कार्ड. दुसरी एक चीज आहे, डाउअरआउफएंटहाल्ट-ई-यू. ती युरोपीय माणसाशी नातं नसलेल्यांसाठी आहे आणि तिला भाषेची परीक्षा, साठ महिन्यांचे पेन्शनचे हप्ते असं सगळं लागतं. नावं जुळ्या बहिणींसारखी, आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये एकीच्या खाली दुसरी. माझ्यासमोर एका ताईंना बी-1 चं प्रमाणपत्र मागितलं गेलं, कारण त्यांनी खालच्या ओळीवर टिचकी मारली होती. फॉर्मवर 'युरोपीय नागरिकाचे कुटुंबीय' असं दिसलं तरच पुढे जा.

आणि कार्ड हातात आलं की लगेच पर्समध्ये टाकू नकोस, छापलेलं वाच. त्यावर 2004/38 च्या आधी 'आर्ट 20' असायला हवं. 'आर्ट 10' असेल तर जुनंच कार्ड पुन्हा दिलंय. तिथेच उभी राहून दाखव. नवं कार्ड दहा वर्षांचं असतं आणि पुढे आपोआप नवं करून मिळतं. तेव्हा नवऱ्याची नोकरी, तुमचं उत्पन्न, यातलं काही कुणी विचारत नाही.

राहिलं दुसरं बाळंतपण. कायमचा निवास जातो तो सलग दोन वर्षांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर. आता माहेरी वर्षभर राहिलीस तरी चालेल. आईला सांग, डिंकाचे लाडू मोठ्या डब्यात भर म्हणावं.

प्रश्न

नमस्कार. मी ऑगस्ट 2022 पासून डब्लिनमध्ये आहे. नवरा पोलंडचा, इलेक्ट्रिशियन. लग्न 2021 मध्ये झालं. माझ्याकडे स्टॅम्प 4 ईयू-फॅम, म्हणजे युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचा निवास परवाना आहे आणि मी एका वृद्धाश्रमात काम करते. गेल्या दिवाळीपासून आमचं पटत नाही, खोल्या वेगळ्या आहेत. मारहाण वगैरे नाही, नुसतं मन उडालंय. तो म्हणतो, उन्हाळ्यात क्राकोला परत जातो, तिकडूनच घटस्फोटाचा अर्ज करतो, तू इथे राहा, तुझं कार्ड आहेच की. त्याचं म्हणणं बरोबर आहे का? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
— नाव देऊ नये, डब्लिन

उत्तर

नाव दिलेलं नाही. तुमच्या नवऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण तो सांगतोय तो क्रम तुमच्यासाठी सगळ्यांत वाईट आहे.

घटस्फोटानंतरही राहायचा हक्क टिकतो, हे खरं. वर म्युनिकच्या उत्तरात आलेल्या युरोपीय निर्देशाच्या कलम 13 प्रमाणे, घटस्फोटाची कारवाई सुरू होईपर्यंत लग्नाला निदान तीन वर्षं झालेली हवीत आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात काढलेलं हवं. ही दोन्ही गणितं तुमची जुळतात. पण युरोपीय न्यायालयाने 2015 मध्ये सिंग खटल्यात जो निकाल दिला, तो तुमच्याच आयर्लंडमधून गेलेल्या प्रकरणावरचा होता: युरोपीय जोडीदार देश सोडून गेला आणि मग घटस्फोटाची कारवाई सुरू झाली, तर मागे राहिलेल्याचा हक्क जोडीदार गेला त्याच वेळी संपतो. नंतरचा घटस्फोट तो परत जिवंत करत नाही. तुमचा नवरा आधी क्राकोला जाणार आणि मग अर्ज करणार, म्हणजे हुबेहूब तेच. कार्डावर तारीख शिल्लक असली तरी त्या तारखेने हक्क टिकत नाही.

मग आधी तुम्हीच डब्लिनमध्ये अर्ज करावा का? आयर्लंडमध्ये घटस्फोटासाठी मागच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छपराखाली राहूनही 'वेगळं' मानलं जाऊ शकतं, पण दिवाळीपासून मोजलं तरी ती दोन वर्षं 2027 च्या दिवाळीच्या सुमारास भरतील. हा रस्ता आज बंद आहे.

उघडा रस्ता तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल: काहीच न करणं. कायमच्या निवासासाठी तुमची पाच वर्षं ऑगस्ट 2027 ला भरतात. तोवर तो आयर्लंडमध्ये राहून काम करत असेल आणि तुम्ही कायद्याने नवरा-बायको असाल, तर खोल्या वेगळ्या असोत की घरं वेगळी, ती वर्षं धरली जातात. 1985 मध्ये बर्लिनमधल्या एका सेनेगली बाईंच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, नवरा-बायको एकत्र राहत नाहीत एवढ्यावर नातं संपत नाही. अधिकृतपणे लग्न मोडेपर्यंत ती बायकोच. नवरा फ्रेंच होता. मग 2014 मध्ये डब्लिनच्याच एका टपाल कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आणखी पुढे जाऊन सांगितलं, वेगळे राहून दोघांनी दुसरे जोडीदार धरले होते तरीही ती वर्षं पाचांत धरायची. म्हणजे संसार गोड आहे असं नाटक करायची गरज नाही. कचेरीने विचारलं तर वेगळे राहतो म्हणून खरंच सांगा.

तेव्हा नवऱ्याशी बोलायचं ते प्रेमाचं नाही, तारखेचं. भांडणाच्या भरात बोलू नका. एखाद्या रविवारी दुपारी चहा घेऊन बसा आणि सांगा: मला तुझा पैसा नको, तुझी सोबत नको, ऑगस्ट 2027 पर्यंत तू याच देशात नोकरी कर, हवं तर दुसरं घर घे. बरेच पुरुष हे ऐकतात, कारण त्यांना माहीतच नसतं की आपल्या एका तिकिटाने दुसऱ्याचं काय होतं. ऐकणार नसेल आणि जाणारच असेल, तर तो जायच्या आधी, नंतर नव्हे, आयरिश सॉलिसिटर गाठा आणि स्वतःच्या नोकरीवर वेगळा परवाना मिळू शकतो का ते बघा. इमिग्रंट कौन्सिल ऑफ आयर्लंडकडे फोनवर प्राथमिक माहिती मिळते, सुरुवात तिथून करा. त्याच्या नोकरीचे आणि कराचे कागद, रेव्हेन्यूचे, म्हणजे आयरिश करखात्याचे, वार्षिक आकडे, भाडेकरार, सगळ्याच्या प्रती आत्ताच काढून ठेवा. दार लावून गेलेल्या माणसाकडून पगाराची चिठ्ठी मागून बघा म्हणजे कळेल मी असं का म्हणते.

तुम्ही मारहाण नाही असं लिहिलंत, म्हणून हे दुसऱ्या कुणा वाचणारीसाठी: घरात हिंसा झाली असेल तर 'नवरा आधी गेला' हा नियम तसाच लावत नाहीत. 2021 मध्ये बेल्जियममधल्या एका प्रकरणात न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनी पोलिसांचे आणि डॉक्टरांचे कागद सांभाळावेत, आणि घर सोडायला कार्डाची वाट बघू नये.

आणि घरी सांगा हो. निदान बहिणीला तरी.

प्रश्न

ताई, मी वर्ध्याचा, बायको जर्मन, लाइपझिगला राहतो. मित्र म्हणतो, युरोपियन बायको असली की ईयू कार्ड घ्यायचं, परीक्षा-बिरीक्षा नाही. ते कसं घ्यायचं? की सरळ नागरिकत्वच घेऊन टाकू?
— स. दे., लाइपझिग

उत्तर

मित्राचा अर्धा मुद्दा वर म्युनिकच्या पत्रात आलाय. बायको जर्मन आणि राहणं जर्मनीत, म्हणजे ती स्वतःच्याच घरी आहे. युरोपीय निर्देश तुम्हाला लागू नाही. इटालियन माणसाच्या बायकोला भाषेची परीक्षा नाही आणि जर्मन बाईच्या नवऱ्याला आहे, हे मलाही पटत नाही, पण तसं आहे. तुम्ही दोघं आधी दुसऱ्या सदस्य देशात खरोखर संसार करून जर्मनीत परतला असतात तर गोष्ट वेगळी होती. 1992 चा सुरिंदर सिंग निकाल त्यावरच आहे. तिथे नवरा भारतीय आणि बायको ब्रिटिश होती, दोघं जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले होते. सुट्टीत प्रागला जाऊन आलात ते यात धरत नाहीत.

तुमचा रस्ता नीडरलासुंग्सएरलाउबनिस, म्हणजे जर्मन कायद्याखालचा कायमचा निवास परवाना. तीन वर्षांचा निवास, एकत्र संसार, घरखर्चाची सोय आणि बी-1. पाचऐवजी तीनच वर्षं, हे विसरून मित्राचा हेवा करू नका.

नागरिकत्वाची तीन वर्षंही जर्मन जोडीदाराला मिळतात, लग्नाला दोन वर्षं झालेली असली की. जर्मनीने 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेणं सोडलं, पण भारताने सोडलेलं नाही. जर्मन झालात की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जातं, आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. हातात राहतं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते. वर्ध्याचे आहात म्हणून विचारते, सातबाऱ्यावर नाव आहे का? ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. भावाचा हिस्सा विकत घ्यायचं मनात असेल, किंवा बांधाला लागून दोन एकर बघून ठेवली असतील, तर तो व्यवहार आधी, नागरिकत्व मागाहून. आणि जर्मन झाल्यावर पासपोर्ट परत केल्याचा दाखला लगेच काढा, कारण त्याशिवाय ओसीआयचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि तोवर गावी जायचं तर भारताचा व्हिसा काढावा लागतो.